‘४१ मीटर’ म्हणजे काय? खानदेशात रेडिओ लावून बसणाऱ्या नवख्यांसाठी

जुन्या मर्फी किंवा बुश रेडिओच्या काचेवर दोन तऱ्हेचे आकडे असतात. एका ओळीत ५५०, ७००, ९००, १२०० असे मोठे, आणि दुसऱ्या ओळीत ४९, ४१, ३१, २५, १९ असे उतरत जाणारे. माळ्यावर आजोबांच्या वेळचा असा सेट पडून असेल तर काच पुसून बघा. मोठ्या आकड्यांशी आपली थोडीफार ओळख असते, कारण एफएमवाले दिवसभर कुठला ना कुठला आकडा कानावर घालतच असतात. अडतं ते दुसऱ्या ओळीपाशी. रेडिओत मीटर कशाचे?

हे मार्गदर्शन त्या दुसऱ्या ओळीचं. मीटरचा आकडा नुसता पाठ करायचा नसतो. तो वाचता आला की रेडिओ किती वाजता लावायचा, कुठल्या अंगानं ठेवायचा आणि तार किती लांब बांधायची, या तिन्हींची उत्तरं त्यातच मिळतात. म्हणून महागडा सेट घेण्याआधी हे शिकून घ्या. सेट नंतर घेतला तरी चालेल, आणि बऱ्याचदा मग स्वस्तातलाच पुरतो.

आधी थोडा हिशेब

टॉवरवरून निघालेली रेडिओलहर सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जाते. हा वेग ठरलेला. एका सेकंदात किती लहरी निघाल्या ते मोजलं की झाली वारंवारता, म्हणजे फ्रिक्वेन्सी. ती हर्ट्झमध्ये सांगतात; हजार हर्ट्झ म्हणजे एक किलोहर्ट्झ. एका लहरीची या टोकापासून त्या टोकापर्यंतची लांबी मोजली की झाली तरंगलांबी; ती मीटरमध्ये. वेग तोच असल्यामुळे सेकंदाला लहरी जास्त असतील तर प्रत्येक लहर आखूड असणार आणि लहरी कमी असतील तर लांब. काचेवर एक ओळ चढती आणि दुसरी उतरती का, ते इथेच कळतं.

हिशेब एका ओळीचा आहे. ३,००,००० ला किलोहर्ट्झनं भागा, उत्तर मीटरमध्ये येतं. उलट, मीटरनं भागलं तर किलोहर्ट्झ मिळतात.

आकाशवाणीचं जळगाव केंद्र मध्यम लहरींवर, म्हणजे मीडियम वेव्हवर, ९६३ किलोहर्ट्झ. तीन लाख भागिले ९६३ म्हणजे ३११.५ मीटर. पुण्याचं केंद्र ७९२ किलोहर्ट्झ, म्हणजे ३७८.८ मीटर. केंद्र लागताना निवेदक ‘अमुक मीटर म्हणजेच अमुक किलोहर्ट्झवर’ असं म्हणायचे, ते जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. जागा एकच, सांगायच्या तऱ्हा दोन.

आता ‘बँड’. शॉर्टवेव्हवर, म्हणजे दूरवर पोचणाऱ्या आखूड लहरींवर, शेकडो केंद्रं. ती कशीही विखुरलेली नाहीत. आंतरराष्ट्रीय करारानं प्रसारणासाठी काही पट्टे राखून ठेवले आहेत, आणि प्रत्येक पट्ट्याला त्यातल्या लहरींच्या साधारण लांबीचं नाव आहे. मीटर बँड ही गल्ली समजा आणि किलोहर्ट्झ हा घर नंबर. ‘४१ मीटर’ एवढंच सांगितलं तर आपण गल्लीच्या तोंडाशी पोचतो. घर शोधायला अजून चार अंक लागतात.

नेहमी लागणाऱ्या गल्ल्या अशा:

४९ मीटर: ५९०० ते ६२०० किलोहर्ट्झ
४१ मीटर: ७२०० ते ७४५०
३१ मीटर: ९४०० ते ९९००
२५ मीटर: ११६०० ते १२१००
१९ मीटर: १५१०० ते १५८००
१६ मीटर: १७४८० ते १७९००

याशिवाय ६०, २२ आणि १३ मीटरही आहेत, पण सुरुवातीला त्यांच्यामागे लागू नका. हद्दी थोड्या सैल असतात, काही केंद्रं पट्ट्याच्या जरा बाहेरही बसतात. नाव आणि हिशेब तंतोतंत जुळेल असंही नाही. १६ मीटरच्या पट्ट्यातला कुठलाही आकडा भागून बघा, उत्तर १७ च्या आसपास येईल. नावं पडून गेली, ती तशीच चालतात.

डिजिटल सेटवर आणखी एक गंमत होते. कुणी सांगितलं ‘११९०५ लाव’, आणि तुमच्या पडद्यावर दिसतं ११.९०५. एक किलोहर्ट्झमध्ये, दुसरं मेगाहर्ट्झमध्ये. टिंब तीन घरं सरकवलं की झालं. फार जुन्या सेटवर किलोहर्ट्झच्या जागी ‘केसी’ आणि मेगाहर्ट्झच्या जागी ‘एमसी’ छापलेलं सापडेल. ते ‘सायकल’चं लघुरूप. हाइनरिख हर्ट्झनं या लहरी १८८६ ते १८८८ च्या दरम्यान प्रयोगशाळेत दाखवल्या, पण आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत त्याच्या नावाचं एकक १९६० मध्ये आलं. त्यामुळे ‘केसी’ लिहिलेला सेट बिघडलेला समजू नका, तो नुसता वयस्कर आहे.

पहिलं केंद्र जळगावच धरा

नवखे लोक थेट शॉर्टवेव्हवर उडी मारतात, खरखर ऐकतात आणि दोन दिवसांत सेट कपाटात टाकतात. तसं करू नका. आधी मीडियम वेव्हवर ९६३ पकडा. चोपडा, यावल, एरंडोल, पाचोरा, अमळनेर, कुठेही असाल तरी दिवसा तपासून पाहायला जवळचं आणि खात्रीचं असं हेच केंद्र.

डिजिटल सेट असेल तर एक खोच आधी सांगतो. आपल्याकडे आणि युरोपात मीडियम वेव्हवरची केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतरानं बसवलेली आहेत, अमेरिकेत १० च्या. बाहेरून आलेल्या बऱ्याच सेटवर या ९ आणि १० साठी एक बटण किंवा सेटिंग असतं. ते १० वर राहिलं असेल तर सेट ९६० वरून टुणकन ९७० वर जातो. ९६३ त्याला सापडतच नाही. जळगाव ऐकू येतं, पण दबलेलं आणि शिट्टीसकट. माणूस समजतो रेडिओ बाद. सेटिंग ९ वर आणा.

आकडा बरोबर आहे का हे तपासायला पाढा पुरे. आपल्याकडचं मीडियम वेव्हचं प्रत्येक केंद्र ९ च्या पाढ्यात बसतं, म्हणजे त्यातल्या अंकांची बेरीजही ९ च्या पाढ्यातली. ९६३ ची बेरीज १८. मुंबईचं ५५८, तेही १८. इंदूरचं ६४८, तेही १८. राजकोटचं ८१० घेतलं तर ९. कुणी ९६५ सांगितलं, तर त्याच्या ऐकण्यात किंवा लिहिण्यात चूक आहे हे कागद-पेन्सिलीशिवाय कळतं.

आता सेट हातात घ्या आणि हळूहळू गोल फिरवा. मीडियम वेव्हला वर ओढायच्या दांडीचा उपयोग नसतो. ती कितीही ओढा, फरक पडत नाही. या लहरीसाठी सेटच्या पोटात काळ्या फेराइटची एक कांडी असते, तिच्यावर बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. साधारणपणे ती सेटच्या लांबीला समांतर, वरच्या बाजूला बसवलेली असते. कांडीची आडवी बाजू केंद्राकडे असली की आवाज भरून येतो. टोक केंद्राकडे झालं की आवाज पडतो, कधी पार नाहीसा होतो.

हे रात्री करून बघण्यासारखं आहे. जळगावहून नागपूर जवळजवळ सरळ पूर्वेला, आणि इंदूर सरळ उत्तरेला. सेट पूर्व-पश्चिम आडवा ठेवला, म्हणजे त्याची डावी-उजवी टोकं पूर्वेला आणि पश्चिमेला, की ६४८ चं इंदूर जोरात आणि ५८५ चं नागपूर मंद. सेट काटकोनात वळवा, पारडं उलटतं. सेट तोच, जागा तीच, तारही नाही, नुसतं मनगट वळवलं. मुंबई आपल्याला नैर्ऋत्येला आणि अहमदाबाद वायव्येला, तेव्हा ५५८ आणि ८४६ साठी कोन बदलतो. एखाद्या केंद्रावर दुसरं चढून बसलं असेल तर नको असलेल्या केंद्राकडे टोक करा. नको ते घालवणं हे हवं ते वाढवण्यापेक्षा सोपं असतं, आणि नवखे नेमकं तेच विसरतात.

आकाशवाणीची मीडियम वेव्हवरची काही केंद्रं अलीकडच्या वर्षांत बंद झाली किंवा एफएमवर सरकली. एखादा आकडा मुका निघाला तर लगेच सेट उघडायला घेऊ नका. एखाद्या आकड्यावर बोलणं नाही, गाणं नाही, नुसता एकसुरी दाट सूं असा आवाज असेल, तर ते बहुधा डिजिटल प्रसारण असतं. साध्या सेटला ते उकलत नाही.

दिवस, रात्र आणि मीटर

मीटरचा आकडा घड्याळाशी बांधलेला आहे. मोठा आकडा रात्रीचा, छोटा आकडा दिवसाचा. एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं.

कारण डोक्यावर आहे. जमिनीपासून साधारण ६० ते ९० किलोमीटरवर हवेचा एक थर उन्हामुळे विद्युतभारित होतो. त्याला ‘डी’ थर म्हणतात. मीडियम वेव्हच्या लांब लहरी तो दिवसा गिळून टाकतो. मग जमिनीलगत सरपटत येणारी लहर तेवढी आपल्यापर्यंत पोचते, म्हणून दिवसा जवळचीच केंद्रं. सूर्य मावळला की हा थर विरतो. त्याच्याही वर, अडीचशे-तीनशे किलोमीटरवर असलेला ‘एफ’ थर रात्रीही टिकून राहतो आणि लहरींना खाली परतवतो. म्हणून दिवसा जिथे नुसती सूंसूं, तिथे दिवेलागणीनंतर राजकोट, दिल्ली आणि भाषाही ओळखू येणार नाही अशी केंद्रं गर्दी करतात.

जमिनीलगतच्या लहरीला जमीनही कशी आहे याचा फरक पडतो. ओली चिकण माती विजेची बरी वाहक, कोरडा खडक वाईट. तापीकाठची काळी जमीन पाऊस पिऊन बसलेली असते तेव्हा मीडियम वेव्हला ती मानवते. सातपुड्याच्या खडकाळ अंगाला तेवढी साथ मिळत नाही.

शॉर्टवेव्हचं वेळापत्रक असं धरा. सकाळी ऊन चढल्यावर दुपारपर्यंत १६ आणि १९ मीटर. हवा चांगली असेल तर १३ देखील. दुपार कलली की २५. संध्याकाळी ३१, आणि हा पट्टा सगळ्यात भरवशाचा, दिवसाचा बराच वेळ काही ना काही देतो. रात्र पडल्यावर ४१ आणि ४९. पहाटे पुन्हा ४१, ३१ असं छोट्या आकड्यांकडे जायचं. हिवाळ्यात रात्री लांब, म्हणून ४१-४९ चा हंगामही लांब. चैत्र-वैशाखात वळवाचे ढग दूर कुठे कडाडत असले तरी या लांब लहरींवर फाडफाड ऐकू येते, तेव्हा २५ च्या खाली सरकलेलं बरं. सूर्यावरच्या डागांचं साधारण अकरा वर्षांचं चक्र असतं. ते भरात असताना १३ आणि १६ मीटर जिवंत होतात, ओसरलं की ते पट्टे दिवसेंदिवस सुने राहतात.

जुन्या लोकांना हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी त्यांना ते येत होतं. रेडिओ सिलोन २५ आणि ४१ मीटरवर लागायचा, आणि कुठला कधी स्वच्छ येतो हे गाण्याच्या वेडापायी त्यांच्या हाताला ठाऊक होतं. त्यातल्या ४१ मीटरची एक गोष्ट पुढे हौशी रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हॅमच्या, भागात येईल.

आजचं चित्र सरळ सांगतो. शॉर्टवेव्ह आता पूर्वीइतकी भरलेली नाही. बीबीसीची हिंदी शॉर्टवेव्ह सेवा ३१ जानेवारी २०२० ला थांबली. आकाशवाणीचेही बरेच शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर बंद झाले. तरी संध्याकाळी ३१ आणि २५ मीटरवर चीनचं हमखास सापडतं, अरबी सापडतं, धार्मिक प्रसारणं सापडतात. हिंदी, उर्दू, नेपाळी यांतलं काही कानावर आलं की नवख्याला पाय रोवायला जागा मिळते. शोधताना ५ किलोहर्ट्झच्या पावलांनी जा; बहुतेक केंद्रं ९५७०, ९६४५ अशी ० किंवा ५ वर संपणाऱ्या आकड्यांवर असतात.

आणखी एक सोपी खूण. १०००० किलोहर्ट्झ, म्हणजे नेमके ३० मीटर. इथे रात्री चीनच्या वेळ-केंद्राची टिकटिक येते. ती स्वच्छ आली तर ३१ मीटर आज चालू आहे असं समजा आणि तिकडे वळा. नाही आली तर वर-खाली जाऊन बघा, वेळ वाया घालवू नका.

तार

शॉर्टवेव्हला मात्र दांडी लागते, आणि दांडीपेक्षा तार बरी.

बाजारातून खास एरियल मागवायची गरज नाही. आपल्याकडे गावागावात पाण्याच्या मोटारी भरणारे वाइंडिंगवाले आहेत. त्यांच्याकडून पंधरा मीटर बारीक वाइंडिंगची तांब्याची तार घ्या, जळालेल्या मोटारीतून काढलेली जुनी असली तरी चालेल. एकच पथ्य: या तारेवर वार्निशचा पातळ थर असतो आणि तो डोळ्याला दिसत नाही, तारच तांबूस दिसते. टोकाचे दोन इंच ब्लेडनं किंवा पॉलिश पेपरनं चारी बाजूंनी खरवडा, तांबं लखलखीत आणि फिकं गुलाबी दिसेपर्यंत. हे केलं नाही तर तार जोडली आणि न जोडली सारखंच.

खरवडलेलं टोक सेटच्या ओढलेल्या दांडीला चिमट्यानं लावा. दुसरं टोक अंगणातल्या कडुनिंबाला, मध्ये सुतळीचा किंवा नायलॉन दोरीचा तुकडा घालून, म्हणजे तार थेट ओल्या फांदीला टेकणार नाही. धाब्याचं घर असेल तर धाब्यावरून आडवी नेली तरी चालते. पत्र्याच्या घरात आत बसून शॉर्टवेव्ह ऐकणं म्हणजे छळ. पत्रा लहर अडवतो, तेव्हा तार बाहेर काढाच.

किती लांब? इथेही मीटरच. लहरीच्या निम्म्या लांबीची तार त्या लहरीला चांगली पकडते. प्रत्यक्षात निम्म्याहून जरा कमी. ३१ मीटरसाठी निम्मं म्हणजे साडेपंधरा, म्हणून पंधरा मीटर म्हटलं. ऐकण्यासाठी इतकं काटेकोर असायची गरज नाही, आठ-दहा मीटरही पुष्कळ काम करते. उलट पन्नास मीटर लांब तार छोट्या सेटला जोडली तर जोरदार केंद्रं आत घुसून एकमेकांवर चढतात आणि जिथे नसायला हवीत तिथेही ऐकू येतात. लांबी वाढवून आवाज बिघडला तर चिमटा तारेच्या प्लॅस्टिक आवरणावरून किंवा वार्निशवरूनच लावून बघा, जोर उतरतो.

दोन गोष्टींत मात्र हयगय नको. तार विजेच्या तारांच्या वरून, खालून किंवा जवळून नेऊ नका. पोलला तर बांधूच नका. आणि आभाळ भरून आलं की तार सेटपासून सोडवून घराबाहेर टाका. वळवाची वीज पडायची वाट बघत बसू नये, ढग उत्तरेला गडगडले तरी पुरे.

खरखर शोधणं

आता खऱ्या त्रासाकडे. बहुतेक खरखर आकाशातून येत नाही, आपल्याच भिंतीतून येते.

सेट बॅटरीवर चालवा. अडॉप्टर काढा. मग एखाद्या मोकळ्या आकड्यावर, जिथे केंद्र नाही, आवाज मोठा करून घरातून फिरा. एलईडी बल्बपाशी, टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सपाशी, मोबाईलच्या चार्जरपाशी, इन्व्हर्टरपाशी. स्वस्त चार्जर आणि एलईडीच्या आतली छोटी पाटी वीज भराभर तोडून-जोडून चालते, आणि ती तोडजोड म्हणजे एक बारकासा ट्रान्समीटरच. एकेक बंद करत जा. सगळ्यात पक्की चाचणी म्हणजे मेन स्विच पाडणं. घरातल्यांना आधी सांगून पाडा. खरखर गेली तर गुन्हेगार घरात. राहिली तर बाहेर.

बाहेरचे आपल्याकडचे नेहमीचे मानकरी म्हणजे डीपीवरचा ढिला जोड, पाऊस पडून गेल्यावर चरचरणारी पोलवरची चिनी मातीची भांडी, विहिरीवरचा स्टार्टर, आणि आता सौर पंपांचे कंट्रोलर. कंट्रोलरची खरखर ऊन असेल तेवढा वेळच असते, म्हणून ती ओळखायला सोपी. भुसावळ, जळगाव, नंदुरबारसारख्या रेल्वेलगतच्या वस्तीत वरच्या तारेतून २५ हजार व्होल्टची वीज धावते. गाडी जाताना मीडियम वेव्हवर करकर चढते आणि गाडीबरोबर निघून जाते. त्यावर उपाय नाही, रुळापासून जितकं लांब तितकं बरं.

वीज गेलेली असते तेव्हा गावात रेडिओ जसा वाजतो तसा एरवी वाजत नाही. भारनियमनाचा एवढा एकच फायदा मला आजवर सापडला आहे. रेडिओ घेऊन वावरात गेलात तरी तोच अनुभव येतो, फक्त मोटार चालू नसावी.

एफएम, थोडक्यात

८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ, म्हणजे साधारण तीन मीटर. इतकी आखूड लहर डोंगराला वळसा घालत नाही आणि वरच्या थरांवरून परतही येत नाही. टॉवर आणि तुम्ही एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात हवेत. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या खोऱ्यांत टेकडीमागे गेलं की एफएम तुटतं ते यामुळे, आणि मीडियम वेव्हचं महत्त्व तिथे टिकून आहे तेही यामुळेच. दांडी पाऊण मीटर ओढा, म्हणजे लहरीच्या चौथ्या भागाइतकी.

या हिशेबानं पुढे जात राहिलात तर वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटीमीटर निघते. जगदीशचंद्र बोस १८९५ च्या सुमारास कोलकात्यात पाच मिलिमीटरच्या लहरींवर प्रयोग करत होते. भागून बघा, ६० गिगाहर्ट्झ येतील.

४० मीटरवरची माणसं

हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, हेही आपापले पट्टे मीटरमध्येच सांगतात: ४० मीटर, २० मीटर, २ मीटर. त्यांचा ४० मीटरचा पट्टा ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ, आणि प्रसारणाचा ४१ मीटर त्याला लागूनच ७२०० पासून सुरू होतो. पूर्वी आपल्या भागात ७१०० ते ७२०० ही जागा प्रसारण केंद्रांकडे होती. २००९ मध्ये ती त्यांनी सोडली आणि हॅमना मिळाली. रेडिओ सिलोनचं जुनं ७१९० आज प्रसारणाच्या नव्हे तर हॅमच्या हद्दीत पडतं. म्हणून जुन्या काचेवरचं ४१ आणि आजचं ४१ यांत काटा थोडा सरकवावा लागतो.

साध्या सेटवर हॅमचं बोलणं फाटकं आणि अर्थ न लागणारं येतं. त्यासाठी सेटवर एसएसबी, म्हणजे लहरीच्या एकाच बाजूवर पाठवलेलं बोलणं उकलायची सोय, लागते. ४० मीटरवर खालची बाजू, म्हणजे एलएसबी, आणि २० मीटरवर वरची, यूएसबी. बारीक चक्री हळूहळू फिरवत गेलं की एका जागी माणसाचा आवाज माणसासारखा होतो. नवा सेट घ्यायचाच असेल तर एसएसबी असलेला घ्या, माझं स्पष्ट मत आहे.

रेडिओ ऐकायला आता परवाना लागत नाही. एके काळी पोस्टात पैसे भरून तो घ्यावा लागायचा. बोलायला मात्र लागतोच. केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा असते, वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्यांना ती देता येते, आणि मग व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ नं सुरू होणारं आपलं स्वतःचं सांकेतिक नाव मिळतं. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे बरेचसे वॉकीटॉकी परवान्याशिवाय चालू करून बोलत सुटणं हा गुन्हा आहे. पोलिसांचं, रेल्वेचं बोलणं ऐकून इकडेतिकडे सांगणं याही वाटेला जाऊ नका.

वही आणि कळवणं

एक साधी वही ठेवा. तारीख, वेळ, किलोहर्ट्झ, मीटर, भाषा, काय ऐकलं, कसं ऐकू आलं. महिनाभरात तुमच्या घराचं, तुमच्या तारेचं वेळापत्रक तयार होतं, आणि ते वर मी दिलेल्यापेक्षा तुमच्यासाठी खरं असतं.

परदेशी केंद्रांना श्रोत्यांची पत्रं अजूनही हवी असतात. ऐकल्याचा तपशील कळवला तर बरीच केंद्रं क्यूएसएल कार्ड, म्हणजे ऐकल्याची पोचपावती, पाठवतात, काही कागदी, काही ईमेलवर. पत्रात ‘कार्यक्रम छान होता’ एवढंच लिहून भागत नाही. कोण बोललं, कुठलं गाणं लागलं, मध्ये कुठली घोषणा झाली, असे दोन-चार पक्के तपशील द्या, म्हणजे तुम्ही खरंच ऐकलं हे त्यांना ताडून बघता येतं. ऐकू येण्याची प्रत एक ते पाच अशा गुणांत लिहितात: जोर, दुसऱ्या केंद्राचा त्रास, खरखर, चढउतार आणि एकूण, या क्रमानं. ४५४३४ असं काही दिसलं तर ते हेच. पाच म्हणजे उत्तम, त्रासाच्या रकान्यात पाच म्हणजे त्रास नाही.

आणि वेळ लिहायची ती यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. रात्री साडेनऊला ऐकलं तर १६:००. पहाटे साडेपाचच्या आत ऐकलं असेल तर तारीखही आदल्या दिवसाची लिहा.